रिकामा रकाना

८ फेब्रुवारी, शनिवार

"थोरलीच्या हाताला गुण आहे," असं आई एकदा शेजारणीला म्हणाली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, धाकटी चार वर्षांची. तिला ताप होता आणि भांडी विसळून मी तशीच येऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. तिला झोप लागली, घाम आला, ताप उतरला. गुण कसला, माझे हात गार होते एवढंच. पण आईचं ते वाक्य घरात पुढे कित्येक वर्षं टिकलं. धाकटीची दाढ ठणकली की मला हाक, पोटात कळ आली की मला हाक.

आज सकाळी फोनवर तिनंच ते वाक्य काढलं. मी विचारलं, "आज कुठून आठवलं?" "सहज गं." धाकटी सहज फोन करत नाही. आधी तिनं माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग विद्यार्थ्यांची, आणि मग दळण आणायचं राहिलंय म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "ताई, माझ्या छातीत गाठ निघालीय."

निघाली डिसेंबरात. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की गाठ झपाट्यानं वाढणारी आहे, पण लवकर कळलंय, ऑपरेशन आणि नंतर औषधं केली तर बरी होण्याची आशा चांगली आहे. जानेवारीतली तारीखही दिली. ही गेली नाही.

"का?"

"दर गुरुवारी आमच्याकडे प्रार्थनेला बसतात ना, ते सगळे माझ्यावर हात ठेवतात. वचनच आहे ना ताई, विश्वास ठेवणारे आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि आजारी बरे होतील."

मी दोन महिने त्याच वचनावर काम करते आहे. ती बोलत होती तेव्हा त्या पानाची फाइल टेबलावर उघडी होती. योगायोगांना मी अर्थ देत नाही. तरी फाइल मिटून ठेवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

समितीची बैठक. आम्ही पाच जण पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, नवी अभ्यास आवृत्ती करतो आहोत. वर मूळ वचनं, खाली टिपा. येशूचं चरित्र सांगणारी जी चार शुभवर्तमानं, त्यांतलं सर्वांत छोटं माझ्याकडे आहे. महाविद्यालयातली मुलं मला मागून 'तळटीप' म्हणतात. मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

प्रश्न शेवटच्या बारा वचनांचा. दोन सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत ती नाहीत. तिथे शुभवर्तमान एकदम थांबतं: बायका येशूच्या थडग्यापाशी येतात, थडगं रिकामं, त्या थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. बस. पुढची बारा वचनं नंतर कुणीतरी जोडली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजाऱ्यांवर हात ठेवण्याचं वचन त्या बारांतलं. विश्वास ठेवणाऱ्यांना साप आणि विष बाधणार नाही, हेही त्यांतलंच.

मला तो तुटका शेवट आवडतो. घाबरलेल्या बायकांवर एक पुस्तक संपवायची हिंमत ज्या कुणी केली, त्याच्याबद्दल मी वर्गात तासभर बोलू शकते.

आमच्या कामाची रीत अशी: टीप लिहिणाऱ्यानं आपली टीप वाचायची नाही. दुसरा वाचतो आणि लिहिणाऱ्यानं तोवर गप्प बसायचं. माझी टीप ग्रीकचे सर वाचतात, आणि वाचताना भुवया अशा चढवतात की स्वतःचंच वाक्य परकं वाटावं. मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे मुख्य संपादक, चष्मा पुसत निर्णय देतात. आज म्हणाले, "बारा वचनं चौकटी कंसात टाकू. पण टीप जपून लिहा बाई. हे पुस्तक लोकांच्या उशाखाली असतं."

"उशाखाली असतं म्हणूनच खरं असायला हवं," मी म्हटलं.

"खरं असावं. टोचू नये."

टीप पक्की होण्याआधी तीन साध्या वाचकांना वाचून दाखवायची असते, धर्मशास्त्र न शिकलेल्या. चार प्रश्नांचा फॉर्म असतो. मी विचारलं, नातेवाईक चालतात का. पाळकसाहेब हसले. "तसा नियम करायची वेळच आली नाही. आपल्या टिपा घरचे कुठे ऐकतात?"

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर धाकटीकडे गेले. चौथा मजला. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो आणि त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. "जगाला वर पोचवतो आणि बायकोला पायऱ्या," हे धाकटीचं लग्नापासूनचं वाक्य. आज ती ते म्हणाली नाही. दार उघडून भिंतीला टेकून उभी राहिली. बारीक झाली आहे. पडदे धुतलेले, स्टुलावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. आजारी माणसाचं घर वाटू नये म्हणून राबली असणार.

मी लगेच मुद्द्यावर आले. तिच्या नवऱ्याला म्हटलं, "ऑपरेशनची नवी तारीख घ्या. ज्या वचनावर तुम्ही थांबलात ते मुळात तिथलं नाही."

तो चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "ताई, तुमचं शिक्षण मोठं. पण लिफ्टमध्ये माणूस अडकला की मी पहिलं काय करतो, सांगू? दाराला तोंड लावून म्हणतो, 'मी आलोय.' बिघाड काय तो नंतर बघतो. आतल्या माणसाला तारांची माहिती देऊन काय करायचंय?"

"पण शेवटी तार जोडावीच लागते ना?"

तो बिस्किटं आणायला उठला. मुद्दा पटला असावा.

स्वयंपाकघरात धाकटी आणि मी दोघीच होतो तेव्हा ती म्हणाली, "आईच्या वेळी तू नव्हतीस ताई."

"माझी परीक्षा होती."

"दोष देत नाही गं. नव्हतीस एवढंच म्हणते." मग ओट्यावरून फडकं फिरवत, "गुरुवारी ये ना. तूही हात ठेव."

मी तिला नीट समजावलं. म्हटलं, मी येऊन हात ठेवला तर ते नाटक होईल. ज्यावर माझा विश्वास नाही ते मी देवाच्या नावानं करू शकत नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुझ्यासाठी तर नाहीच.

"नाटक चालेल मला," ती म्हणाली आणि हसली.

ती लहानपणापासून अशीच, गंभीर बोलणं हसण्यावारी नेते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

टीप लिहून झाली. एकशेवीस शब्द. एकही शब्द काढता येत नाही, एकही घालता येत नाही. इतकं स्वच्छ मी फार दिवसांत लिहिलं नव्हतं.

काल वर्गात शिकवताना एक गोष्ट सुचली. वाद घालून धाकटी ऐकणार नाही. पण मी तिला वाचक म्हणून बोलावलं तर? तीन साध्या वाचकांतली एक. तिला बरंही वाटेल की ताई आपलं मत विचारते आहे. आणि टीप टोचत नाही. पाळकसाहेबांनी सांगितलं तशीच आहे.

१ मार्च, शनिवार

आजचं सगळं सविस्तर लिहून ठेवते. मार्ग निघेल असं वाटतं.

तिचा नवरा कामावर गेला होता. मी फाइल काढली, फॉर्म काढला, आणि हस्तलिखिताच्या त्या पानाचा मोठा केलेला फोटो तिच्या पलंगावर पसरला. टीप मीच वाचली. रीत मोडली, पण तिथे दुसरं होतं कोण?

ती उशीला टेकून ऐकत होती. मी वाचताना मान वर करत नाही, ती सवयच आहे. वाचून झाल्यावर फोटो समजावला. पानावर तीन रकाने आहेत. शुभवर्तमान दुसऱ्या रकान्यात संपतं. एरवी हा लेखनिक एक पुस्तक संपलं की पुढचं लगेच शेजारच्या रकान्यात सुरू करतो. इथे मात्र त्यानं तिसरा रकाना अख्खा कोरा सोडला आहे.

धाकटीनं त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही कुणासाठी ठेवलीय?"

"माहीत नाही. त्याला दुसरा शेवट ठाऊक असावा, पण समोरच्या प्रतीत मिळाला नसावा. काही अभ्यासक म्हणतात..."

"म्हणजे त्या बायका पळाल्या, तिथंच संपतं?"

"हो."

"त्यांना पुढं कुणीच भेटलं नाही?"

"या हस्तलिखितात नाही."

"घाबरलेल्याच राहिल्या."

मला फार आनंद झाला. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना जे कळायला सहा महिने लागतात ते तिला एका बैठकीत कळलं. मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं मान हलवली आणि पेन मागितलं.

फॉर्म घरी येऊन पाहिला. पहिला प्रश्न, टीप समजली का? 'हो.' दुसरा, कुठे अडलं का? 'नाही.' तिसरा, वाचून काय वाटलं? हा रकाना तिनं रिकामाच ठेवला आहे. चौथा, आणखी काय हवं होतं? तिथे लिहिलं आहे, 'ताईने हात ठेवावा.'

हे उत्तर टिपेसंबंधी नाही. तिसरा प्रश्नही सुटला आहे. फॉर्म धरता येणार नाही, दुसरा वाचक शोधावा लागेल. पण ज्यासाठी गेले होते ते झालं असं वाटतं.

६ मार्च, गुरुवार

झालं. संध्याकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. आज प्रार्थनेला माणसं जमली तर धाकटी आतून बाहेर आलीच नाही. दारातून म्हणाली, "तुम्ही बसा, मी नाही. ते वचन तिथं नाहीये." आणि त्याला म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे जाऊ.

"जाते आहे, हे चांगलंच झालं," तो म्हणाला. पण आवाज चांगलं झाल्याचा नव्हता. पराभव पचायला वेळ लागतो.

मी जिंकले असं लिहू नये. पण ही वही कुणी वाचत नाही. जिंकले.

१४ मार्च, शुक्रवार

इस्पितळाचा तिसरा मजला. एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या, एकानं पाय हलवला की सगळी रांग हलते. धाकटी मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासायला आत ठेवलं आणि आम्हाला वेगळं बोलावलं. यकृतात गेलंय. मणक्यातही. ऑपरेशनचा आता उपयोग नाही. औषधं देऊ, वेदना कमी ठेवू.

"डिसेंबरात कळलं होतं तेव्हाच जर..." एवढं म्हणून बाईंनी रिपोर्ट मिटले.

बाहेर आल्यावर तिचा नवरा लिफ्टपाशी गेला. मला वाटलं खाली निघाला. तो लिफ्टच्या दाराला कपाळ लावून उभा होता. मी जवळ गेले तशी म्हणाला, "तीन महिने मी खाल्ले, ताई." मी त्याला म्हटलं नाही, की नाही, तसं नाही. खोटं बोलायचं नव्हतं.

धाकटी बाहेर आली तेव्हा आमच्या तोंडांवरूनच तिला कळलं असावं. मला म्हणाली, "तुझ्याकडं ते कागद आहेत का आज?"

"कुठले?"

"काही नाही. असले तर ठेव आतच."

१५ मार्च, शनिवार

वर्ग घेतला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

समितीनं टीप मंजूर केली. वाचून झाल्यावर ग्रीकचे सर पहिल्यांदाच भुवया खाली घेऊन म्हणाले, "यात हात घालायला जागा नाही." त्यांच्याकडून एवढं म्हणजे आरतीच. पाळकसाहेबांनी फॉर्म मोजले. "दोनच? तिसरा वाचक?"

"एक फॉर्म बाद झाला. अपुरा होता."

"अपुरा म्हणजे?"

"एक रकाना रिकामा होता."

त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "रिकाम्या रकान्यांवर तुमचा एवढा अभ्यास, बाई," ते म्हणाले. मी हसले. विनोद बरा होता.

९ एप्रिल, बुधवार

धाकटीकडे गेले. पलंग खिडकीपाशी सरकवला आहे. ती भिंतीकडे तोंड करून होती. पाय सुजलेत. खुर्ची ओढून बसले. उन्हाबद्दल बोलले, मुलांबद्दल बोलले. मुलं मला 'तळटीप' म्हणतात हेही शेवटी सांगून टाकलं. एरवी ती या गोष्टीवर आठवडाभर हसली असती.

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "ताई, तुझं बरोबर होतं."

तिनं हे म्हणावं असं मला लहानपणापासून किती वेळा वाटलं असेल. खेळताना, भांडताना, आईच्या साड्या वाटून घेताना.

"काय बरोबर होतं?"

"तिथं काही नाहीये. मी बघितलं." मग म्हणाली, "आता जा. मी दमलेय. परत नको येऊस एवढ्यात."

मी उठले. तिची पाठ माझ्याकडे होती. परकरावर जुनं पोलकं, त्यातून खांद्याची हाडं. माझे हात पर्सच्या पट्ट्यावर होते.

जिन्यात तिचा नवरा बरोबर आला. दुसऱ्या मजल्यावर थांबला. मग तो म्हणाला, "गुरुवारची माणसं मी बंद केली. ती त्यांच्याकडं बघत नाही. माझ्याकडंही बघत नाही. औषधं घेते, शहाण्यासारखी घेते. पण ताई, माझ्या वचनानं तिचे तीन महिने गेले, ते माझ्या माथी. तुमच्या टिपेनं ते वचन गेलं. गेलं ते ठीक, नव्हतंच म्हणता. त्या जागी तुम्ही काय ठेवलंत?"

"खरं ठेवलं."

"ते तिनं धरायचं कुठं?" तो म्हणाला. "हाताला लागत नाही ते."

तो वर गेला. मी पायऱ्यांवर बसून राहिले. एक बाई भाजीची पिशवी घेऊन चढत होती, तिला वाट द्यायला उठावं लागलं म्हणून उठले.

१३ एप्रिल, रविवार

उपासनेला गेले नाही. सकाळी फाइल काढली आणि बाद झालेला फॉर्म समोर ठेवला.

एका लेखनिकानं सोळा-सतराशे वर्षांमागे सोडलेल्या कोऱ्या रकान्यावर मी आजवर दोन निबंध लिहिले आहेत. त्याचा हात का थांबला असेल, त्याला काय ठाऊक असेल, काय अडलं असेल. माझ्या बहिणीनं माझ्यासमोर, माझ्या पेननं एक रकाना कोरा ठेवला, आणि मी तो 'अपुरा' म्हणून बाजूला काढला.

आईला शेवटी त्या इस्पितळात काय काय झालं, हे मी धाकटीला कधी विचारलं नाही. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. सोळा दिवस एकटी आईच्या उशाशी होती. मी परीक्षा देऊन आले तेव्हा सगळं उरकलं होतं. ती कुणाला काही बोलली नाही आणि मी तिला खंबीर समजले. फेब्रुवारीत ओट्यापाशी तिनं विषय काढला होता. मी परीक्षेचं सांगितलं. ती वचनावर नव्हती थांबलेली. ती घाबरली होती. वचन तिला इस्पितळाच्या दारापासून दूर उभं राहायला मिळालेली जागा होती, आणि मी ती जागा नीट पुरावे देऊन काढून घेतली. त्याच दिवशी माझा हात धर, आपण दोघी जाऊ, मी आत तुझ्याबरोबर असेन, एवढं म्हटलं असतं तर ती फेब्रुवारीतच गेली असती का? माहीत नाही. हे कुठल्याच हस्तलिखितात नाही.

टीप अजूनही बरोबर आहे. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ती बरोबरच आहे. उद्या कुणी विचारलं तर एकही शब्द बदलणार नाही. फक्त ती मी कुणाला, कुठे बसून, मान खाली घालून वाचून दाखवली, ते माझ्यापाशी राहणार.

दुपारी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. शब्द आले ते व्याख्यानासारखे आले. सोडून दिलं. मग नुसतीच टेबलावर हात ठेवून बसले. नऊ वर्षांच्या मुलीला तरी काय ठाऊक होतं? भांडी विसळून आली आणि हात ठेवला. ताप उतरेल असा तिचा सिद्धांत नव्हता. बहीण कण्हत होती म्हणून ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

काल धाकटीच्या नवऱ्याला फोन केला, त्यानं उचलला नाही. आज निरोपाला एकाच ओळीचं उत्तर आलं. 'ती कुणालाच नको म्हणते, ताई.' दहा दिवस, फार तर पंधरा, असं डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्यात.

त्याला पत्र लिहिलं. पाठवायच्या आधी इथे उतरवते, म्हणजे नंतर मी काय मागितलं ते मला बदलता येणार नाही.

'तुम्ही विचारलंत, त्या जागी काय ठेवलं. काही नाही ठेवलं. तुम्ही तीन महिने स्वतःच्या माथी घेऊ नका, त्यांतले पुष्कळ माझे आहेत. जानेवारी मला माहीत नव्हता, पण फेब्रुवारी माझाच होता. मी चुलीवरची करपती भांडी उतरवायला सांगायच्या ऐवजी चूल कुणी मांडली याचा इतिहास सांगत बसले.

मला एकदा येऊ द्या. फाइल आणणार नाही. काही वाचणार नाही, समजावणार नाही. ती भिंतीकडे तोंड करून राहिली तर राहू दे. मी येण्याआधी गार पाण्यात हात धुईन आणि तिच्या कपाळावर ठेवीन. ती बरी होईल म्हणून नाही. माझा त्यावर अजूनही विश्वास नाही, आणि तिला ते कळेल. ती म्हणाली होती की नाटक चालेल. हे नाटक नसेल.

आत येऊ देत नसेल तर दाराशी तरी उभं राहू द्या. दाराला तोंड लावून मी आले आहे एवढं सांगेन आणि जाईन.

ती नाही म्हणेल, मला ठाऊक आहे. तरी तिला विचारा.'